उघडलंच आहे तर पंपही बदलून घे

व्हर्नन टॉलेफसनला फक्त एक पंप निवडायचा होता. हे सुरुवातीलाच स्वच्छ सांगून टाकलेलं बरं. कारण त्या एका पंपापायी पुढे जे जे झालं ते ऐकून कुणालाही वाटेल, हा गृहस्थ मुळातच धाडसी स्वभावाचा असावा. तसं काही नव्हतं. मोंटानातल्या हार्लन क्रीक गावी, काउंटी कचेरीत, वाहननोंदणीच्या खिडकीमागे तो एकोणतीस वर्षं बसत होता. आणि या एकोणतीस वर्षांतलं त्याचं सर्वांत मोठं धाडस म्हणजे एकदा त्याने काळ्या शाईऐवजी निळ्या शाईने सही केली होती. तीही आधीचं पेन संपलं म्हणून.

त्याच्याकडे एकोणीसशे नव्व्याण्णव सालची डिझेल पिकअप होती. पुढे घोरणारं इंजिन, मागे उघडा हौदा. घरात तिला ‘म्हातारा’ म्हणत. म्हाताऱ्याचं इंजिन ठणठणीत होतं, दुखणं होतं ते पुरवठ्याचं. टाकीतलं डिझेल खेचून इंजिनाकडे पाठवणारा जो मूळचा छोटा पंप होता, तो सपाट रस्त्यावर कसंबसं निभावून नेई. पण मागे वजन आणि पुढे चढ आला की त्याला धाप लागे. इंजिन उपाशी, गाडी मंद, आणि मागच्या गाड्यांतून लोक हात बाहेर काढून आपली मतं कळवत.

आता वजन म्हणजे काय, तर टिल्डा आणि रूथ. या व्हर्ननच्या बायकोच्या, आर्लिसच्या, दोन बेल्जियन घोड्या. एकेक जवळजवळ टनाची. राज्याच्या जत्रेत जड ओझं ओढायची स्पर्धा असते, तिच्यासाठी आर्लिस वर्षभर त्यांना लाकडी ओंडके ओढायला लावी. स्पर्धेच्या दिवशी सकाळी आठच्या आत जनावरांची जोडी वजनकाट्यावर उभी राहिली पाहिजे. आठ वाजून एक मिनिटाने वही बंद. गेल्या वर्षी म्हातारा केटल घाटात चौथ्या मैलावर बसला आणि घोड्या काट्यावर पोचल्या नऊ वीसला. परतीच्या एकशेपाच मैलांत आर्लिस एक शब्द बोलली नाही. फक्त घराच्या फाटकापाशी म्हणाली, “टिल्डा सतरा वर्षांची आहे.”

बस्स, एवढंच. पण व्हर्ननला ते वाक्य वर्षभर पुरलं. सतराची घोडी यंदा अठराची. आणखी एक जत्रा, फार तर. त्यानंतर तिचे दात बघूनच पंच मान हलवतील.

रविवारी दुपारी चर्चनंतर सगळे आर्लिसच्या टेबलाभोवती बसले होते. भाजलेल्या बटाट्यांचं भांडं फिरत होतं. आर्लिसचा भाऊ डुएन याने चमचा खाली ठेवला आणि विषय वर काढला.

“यंदा मीच नेतो ना घोड्या. माझी गाडी नवी आहे.”

डुएनची गाडी नवी होती हे काउंटीतल्या गोठ्यातल्या वासरांनाही ठाऊक होतं. पेट्रोलवर चालणारी, बसायच्या जागा तापवणारी. गाडी घेतल्यापासून तो उन्हाळ्यातसुद्धा जागा तापवून बसे.

“म्हाताऱ्याला मी पंप बसवतोय,” व्हर्नन म्हणाला. हे वाक्य पुरं होईपर्यंत त्याने पंप बसवायचा विचारही केलेला नव्हता.

“कधी?”

“याच आठवड्यात.”

आर्लिसने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “शुक्रवारी दुपारी बारापर्यंत म्हाताऱ्याने माझ्या घोड्या घेऊन केटल घाट चढून दाखवायचा. चढला तर शनिवारी तू ने, व्हर्न. नाही चढला तर डुएन. आता बटाटे कोणाला हवेत?”

सोमवारी व्हर्ननने दुपारपासून आठवडाभराची रजा काढली आणि गेल प्रुइटच्या दुकानात गेला. गेल डिझेल गाड्यांचे सुटे भाग विकायची आणि बसवूनही द्यायची; पण त्या आठवड्यात सुगी चालू असल्याने तिच्या दारात सात कापणीयंत्रं आजारी उभी होती. बसवायला वेळ नव्हता. सल्ल्याला होता.

तिने काउंटरवर दोन पंप मांडले. “हा तासाला पंचाण्णव गॅलन देतो. तुझ्या गाडीला डोक्यावरून पाणी. चौकटीला खाली बोल्टने बसतो, फिल्टर सोबत येतो, घे आणि जा.”

“आणि हा?”

“हा दीडशेचा. हा ट्रॅक्टरच्या शर्यती खेळणाऱ्यांसाठी. तू शर्यत खेळतोस का, व्हर्न?”

व्हर्ननने दीडशेचा पंप उचलून पाहिला. काळा, वजनदार, हातात घेतला की माणूस आपोआप ताठ उभा राहावा असा. आयुष्यात आपल्याकडे कुठलीच गोष्ट वरच्या आकाराची कधी नव्हती, हा विचार त्याच्या मनात आला. घर मधलं, पगार मधला, शाळेत रांगेत उभं राहायची जागासुद्धा मधली.

“समजा, पुढेमागे गरज पडली तर?”

“कशाची? तुझं इंजिन तासाला जेमतेम सहा-सात गॅलन पितं. बाकीचं फिरून टाकीत परत येणार.”

“म्हणजे कमी पडणार नाही.”

“कमी पडणार नाही,” गेलने उसासा टाकला. “पंचाण्णवचाही पडणार नाही.”

“दीडशेचा दे.”

फिल्टरच्या तळाशी पाणी साठायची वाटी असते. साधी वाटी धातूची. पण एक पारदर्शक वाटीही मिळे, जिच्यातून आतलं डिझेल दिसे. “तिची काही गरज नाही,” गेल म्हणाली. एव्हाना व्हर्ननला या वाक्याची चटक लागली होती. त्याने पारदर्शक वाटी घेतली, डिझेलचा दाब दाखवणारं घड्याळ घेतलं, टाकीत सोडायची रुंद नळी घेतली आणि घरी येताना वाटभर शीळ घातली. एकोणतीस वर्षांत त्याने शीळ घातल्याची ही पहिलीच नोंद.

मंगळवारी शेजारचे ऑर्विल स्टेन्सरुड आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गव्हाचे शेतकरी, आयुष्यभर स्वतःची यंत्रं स्वतः उघडलेले. त्यांनी टोपी मागे सरकवून म्हाताऱ्याखाली डोकं घातलं आणि त्या मुलखात ज्याने निम्मी घरं बसली ते वाक्य उच्चारलं:

“अरे व्हर्न, उघडलंच आहे तर...”

खरं म्हणजे अजून काहीच उघडलं नव्हतं. पण नवी नळी टाकीत वरून सोडायची, टाकी हौद्याखाली, म्हणजे हौदा उतरवणं आलं. हौद्याचे आठ बोल्ट. सहा निघाले. सातवा पान्याबरोबर गोल गोल फिरत राहिला, जणू त्याला वेळच वेळ आहे. आठवा मोडला. हौदा ऑर्विलच्या ट्रॅक्टरने उचलून गवताच्या चार गठ्ठ्यांवर ठेवला. हौदा उतरवलाच आहे तर मागच्या दिव्यांची वायर बदलून घे. वायर काढलीच आहे तर तो गंजलेला पट्टा घासून रंगव. रंग काढलाच आहे तर... संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्याचे चौदा भाग अंगणात पसरले होते (व्हर्ननने यादी केली होती), आणि त्यांतल्या फक्त दोघांचा पंपाशी संबंध होता.

बुधवारी सकाळी काउंटीकडून आगाऊ ताकिदीचं पत्र आलं. मोडून ठेवलेलं वाहन रस्त्यावरून दिसेल असं अठ्ठेचाळीस तासांहून जास्त अंगणात ठेवणं हा काउंटीचा नियमभंग आहे, कृपया योग्य ती कारवाई करावी. तक्रारदाराचं नाव गुप्त. तरी पत्र ज्याच्या सांगण्यावरून निघालं त्याच्या बुडाखालची जागा ऑगस्टातही गरम असणार, हे ओळखायला पोलिसाची गरज नव्हती. व्हर्ननला खरं लागलं ते वेगळंच. पत्राचा मसुदा त्याचा स्वतःचा होता. अकरा वर्षांपूर्वी त्यानेच तो लिहिला होता आणि ‘योग्य ती’ या शब्दांवर तेव्हा अर्धा दिवस घालवला होता. आता वाचताना त्याला ते शब्द फार उद्धट वाटले.

“ताडपत्री टाक,” आर्लिस म्हणाली. “रस्त्यावरून दिसेल असं म्हटलंय ना? दिसू देऊ नकोस.”

“तो नियमाचा हेतू नव्हे.”

“मग हेतूवरही टाक.”

त्या दुपारी नळी कापायचं काम निघालं. नळीचं तोंड टाकीच्या तळापासून अर्धा इंच वर हवं. त्यासाठी टाकीची खोली मोजायची. ऑर्विलने आपली लाकडी मोजपट्टी आणली होती. त्यांच्या वडिलांची. तिची सुरुवातीची दोन इंचं कधीकाळी मोडून गेली होती. ऑर्विलने ती टाकीत सोडली, वरचा आकडा वाचला, मनातल्या मनात दोन वजा केले आणि उत्तर सांगितलं. मोडक्या पट्टीचा उल्लेख केला नाही. साठ वर्षं वजाबाकी करत होते, त्यात सांगण्यासारखं काय?

व्हर्ननने पट्टी मोडकी आहे हे पाहिलं होतं. पण म्हाताऱ्या शेजाऱ्याने प्रेमाने आणलेल्या त्याच्या वडिलांच्या पट्टीला नावं ठेवायची? हार्लन क्रीकमध्ये असं कोणी करत नाही. तिथे पाहुण्याच्या पायाला आग लागली तरी आधी हवेबद्दल बोलतात. व्हर्नन काही बोलला नाही. त्याने मनातल्या मनात दोन वजा केले आणि नळी कापली.

अशा रीतीने दोन सभ्य माणसांनी मिळून नळी दोन इंच आखूड केली.

गुरुवारी पहाटे हौदा पुन्हा चढला. व्हर्ननने किल्ली फिरवली आणि खालून नव्या पंपाचा एक घनगंभीर गुणगुणाट ऐकू आला. घड्याळाचा काटा उडी मारून उभा राहिला. पारदर्शक वाटीत स्वच्छ, फिकट सोनेरी डिझेल भरलं. व्हर्नन पोटावर झोपून ते पाहत राहिला. आर्लिसने खिडकीतून दोनदा हाक मारली, “व्हर्न, कॉफी!” पण मत्स्यालयापुढे बसलेल्या मुलासारखा तो उठेचना.

तसाच तो एकटा, रिकामी गाडी घेऊन, घाटावर गेला. टाकी पाव भरलेली. पहिला मैल उडत. दुसरा उडत. व्हर्नन मोठ्याने गायला लागला, चर्चमधली गाणी, पण नेहमीच्या दुप्पट वेगाने. तिसऱ्या मैलावर घड्याळाचा काटा थरथरला. चौथ्यावर, गेल्या वर्षीच्या त्याच दगडापाशी, म्हातारा दोनदा खोकला आणि बसला.

गाडी उलट उतारावरून सपाटीला येऊ दिली, तर लगेच चालू! पुन्हा चढावर नेली, पुन्हा बंद. व्हर्ननने गेलला फोन लावला. पलीकडे कापणीयंत्राचा खडखडाट चालू होता.

“नळी किती कापलीस?” तिने विचारलं.

त्याने सांगितलं.

“दोन इंच आखूड. चढावर डिझेल टाकीच्या मागच्या टोकाला जातं, तुझी नळी हवेत लोंबकळते. पंप तासाला दीडशे गॅलन हवा ओढतोय. ताकदवान आहे हो तुझा पंप.”

“आता?”

“आता हौदा उतरवून नवी नळी.”

“उद्या दुपारी बारापर्यंत?”

खडखडाट थांबला. गेलने बहुधा यंत्र बंद केलं असावं. “नाही जमणार. मग असं कर, टाकी कायम तुडुंब ठेव. अर्ध्याच्या वर डिझेल असलं की नळी बुडलेली राहील. जत्रा होऊन जाऊ दे, मग बघू.”

त्याने गावातल्या एकुलत्या एक डिझेल पंपावर टाकी तोंडापर्यंत भरली. आणि शुक्रवारी अकरा वाजता मागे ट्रेलर, ट्रेलरात टिल्डा आणि रूथ, शेजारच्या सीटवर आर्लिस, मागच्या सीटवर ऑर्विल, आणि दोनशे यार्डांवरून मागोमाग डुएन, ‘काही लागलं तर असावं’ म्हणून.

पहिला मैल. दुसरा. काटा स्थिर. तिसरा. मालाचा एक मोठा ट्रक आला आणि म्हाताऱ्याने त्याला ओलांडलं. ओलांडलं! आर्लिसने दाराचा दांडा धरला. चौथ्या मैलाचा दगड आला तेव्हा गाडीत कोणी श्वास घेत नव्हतं, ट्रेलरमधल्या घोड्या सोडून. दगड गेला. मागे गेला. आरशात लहान झाला.

“व्हर्न,” आर्लिस म्हणाली, “पंचावन्नवर आहेस तू.”

“हो.”

“चढावर.”

“हो!”

“हुर्रे!” असं काहीतरी ऑर्विल मागून ओरडले, आणि मग आपण ओरडलो म्हणून खिडकीबाहेर बघू लागले. माथ्यावर पोचून गाडी थांबली तेव्हा आर्लिसच्या डोळ्यांत काहीतरी होतं, ते तिने धूळ म्हणून पुसलं. डुएन सहा मिनिटांनी पोचला. “वळणावर सावकाश घेतलं मी,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी ऑर्विल गुपचूप अंगणात आले. त्यांच्या गाडीवर शेताच्या डिझेलची टाकी कायम असते. म्हातारा घाट चढउतर करून दोनतृतीयांशावर आला होता आणि पहाटे साडेचारला गावातला पंप उघडा असेल की नाही कोण जाणे. तेव्हा त्यांनी म्हाताऱ्याची टाकी तुडुंब भरली आणि निघून गेले. सांगितलं नाही. केलेलं सांगत बसायचं म्हणजे उपकार दाखवणं झालं.

पहाटे व्हर्ननने काटा पूर्ण भरलेला पाहिला आणि त्याला वाटलं, आर्लिसने काल जाऊन भरून आणलं. त्याला फार बरं वाटलं. बोलला नाही. तिला अवघडल्यासारखं झालं असतं.

आता शेतीचं डिझेल हा प्रकार त्या मुलखात सगळ्यांना पाठ आहे. त्यावर रस्त्याचा कर नसतो, म्हणून सरकार त्यात लाल रंग घालतं. ट्रॅक्टरात चालतं, रस्त्यावरच्या गाडीत सापडलं तर दंड. या दंडाचं सूचनापत्र व्हर्ननच्या खिडकीच्या काचेवर चौदा वर्षं चिकटवलेलं होतं. चिकटपट्टी पिवळी पडली की तोच बदले.

घाट अंधारात चढला, सुरेख. सात वाजून चौदा मिनिटांनी जत्रेच्या जनावरांच्या फाटकाबाहेर गाडी पोचली. आणि तिथे रांग. पेट्रोलच्या गाड्यांना बाजूने हात करून सोडत होते. डुएन पुढच्या सीटवर ऑर्विलना घेऊन हात हलवत आत गेला. डिझेलच्या गाड्या मात्र एकेक करून थांबत होत्या. पुढे कोणीतरी सरकारी टोपीतली बाई हातात लांब काचनळी घेऊन फिरत होती.

व्हर्नन निर्धास्त होता. उलट खुश होता. पुढच्या गाडीतला एक मेंढ्यांवाला उतरून पाय मोकळे करत होता, त्याला तो म्हणाला, “या, तुम्हाला गंमत दाखवतो. पारदर्शक वाटी बसवलीये. डिझेल कसं काचेसारखं दिसतं बघा.”

दोघं गुडघ्यावर बसले.

वाटी चेरीच्या सरबतासारखी लालभडक होती.

मेंढ्यांवाला बराच वेळ बघत राहिला. “खरंच चांगलं दिसतं,” तो म्हणाला. मग दबकत, “थोडा चिखल फासा तिला. त्या नाल्यात आहे.”

व्हर्नन उठून आर्लिसपाशी गेला. तिने भरलं नव्हतं. मग दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच टोपी आली, मागे सरकवलेली.

“ऑर्विल,” आर्लिस म्हणाली. “त्यांना वाटलं असणार, घोड्या शेतीच्याच आहेत ना.”

व्हर्ननने रांग मोजली. पुढे एकोणीस गाड्या. एकेकीला अडीच ते तीन मिनिटं. सात अठरा झाले होते. आठ वाजून पाच मिनिटांच्या आत नंबर लागत नाही. आणि फाटकाच्या अलीकडे जनावर उतरवायचं नाही असा नियम, मोठ्या अक्षरात.

ट्रेलरमधून टिल्डाने पाय आपटला. आर्लिस गेल्या वर्षीसारखी समोर बघायला लागली होती, आणि व्हर्ननला ते बघणं सहन होईना. चिखल, काचनळी, एकोणतीस वर्षांची खिडकी, सगळं त्याच्या डोक्यात एकदम फिरलं. मग तो टाय नीट करून (त्याने जत्रेला टाय घातला होता) रांगेच्या कडेने चालत गेला, त्या सरकारी टोपीपर्यंत.

“बाई, माझ्या टाकीत लाल डिझेल आहे. माझी गाडी विसावी. आधी माझाच दंड लिहा.”

तपासनीस बाईंचं नाव पेट्रा लूमिस. त्यांनी काचनळी खाली केली. “काय म्हणालात?”

“लाल. तळापासून वरपर्यंत. नमुना घ्या, फॉर्म भरा, मी सही करतो. पण लवकर. आठला वजनकाटा बंद होतो.”

“मला आजवर असं कोणी सांगायला आलं नाही,” पेट्राबाई म्हणाल्या. “सगळे म्हणतात ट्रान्समिशनचं लाल तेल गळून मिसळलंय. आणि हा फॉर्म,” त्यांनी पाटीवरचे सहा कागद उलटे-सुलटे केले, “भरायला मला वीस मिनिटं लागतात. गेल्याच महिन्यात लागलेय मी.”

व्हर्ननने खिशातून पेन काढलं. काळ्या शाईचं.

“द्या इकडे. हा मी दरमहा तपासतो. चौकट एक ते चार नोंदणीपत्रावरून, ते मला पाठ आहे. पाच रिकामी. सहा तुमची. सात कोणी भरत नाही, भरली तर परत येतो. नऊमध्ये गॅलन लिहायचे, टाकीची क्षमता नव्हे, इथेच सगळे चुकतात. सही इथे, इथे, आणि तिसऱ्या प्रतीवर जोरात, कार्बन फिका आहे.”

पेट्राबाई चालत चालत त्याच्या मागून गाडीपर्यंत आल्या, नमुना घेतला, नळी उजेडात धरली. लाल. तोवर फॉर्म पुरा झाला होता. चार मिनिटं. रांगेतल्या सगळ्या गाड्यांमधून माणसं माना बाहेर काढून बघत होती. कोणीतरी टाळी वाजवली.

“दंड झाला म्हणजे प्रकरण मिटलं,” व्हर्नन म्हणाला. “नियम बारा, पोटकलम तीन. जनावरं उतरवायला परवानगी.”

“पण गाडी टाकी रिकामी होईपर्यंत हलायची नाही.”

“गाडी राहू दे. आर्लिस!”

आर्लिसने ट्रेलरचं दार आधीच उघडलं होतं. टिल्डा उतरली, मग रूथ. दोन टनांच्या त्या दोघी उन्हात चमकत, रांगेच्या कडेने, एकोणीस गाड्यांना ओलांडत चालल्या, आणि पुढे आर्लिस, जवळजवळ पळत. मागून टाय खांद्यावर उडालेला व्हर्नन. काट्यावर पोचल्या तेव्हा सात सदतीस. वहीवाल्याने विचारलं, “ट्रेलर कुठाय?” आर्लिस म्हणाली, “दंड भरतोय.”

दुपारी टिल्डा आणि रूथने सात जोड्यांत दुसरा नंबर काढला. शेवटच्या ओढीला टिल्डा अशी वाकली की तिचं पोट मातीला लागेल असं वाटलं. आणि ओझं हललं, सरकलं, रेषेपार गेलं. आर्लिस मैदानात उडी मारून गेली. तिचा आवाज हार्लन क्रीकच्या कुठल्याही माणसाने पूर्वी कधी ऐकला नसेल इतका मोठा होता. व्हर्नन कुंपणावर उभा राहून ओरडत होता, त्याच्या शेजारी ऑर्विल ओरडत होते, आणि या खेपेला ऑर्विल नंतर खिडकीबाहेर बघायला लागले नाहीत. तिथे खिडकीच नव्हती.

नंतर ऑर्विल म्हाताऱ्यापाशी येऊन उभे राहिले. टोपी हातात.

“व्हर्न, ते डिझेल मी...”

“फार वेळेवर भरलंत,” व्हर्नन म्हणाला. “नाहीतर घाटातच बसलो असतो. पण नळी दोन इंच आखूड झाली, ऑर्विल. मी पट्टीचे दोन वजा केले.”

ऑर्विल टोपीकडे बघत म्हणाले, “मीही केले होते.”

दोघं जरा वेळ हवेबद्दल बोलले. बरी होती.

टाकी रिकामी करायला जत्रेत पंप कुठून आणायचा, या विवंचनेत पेट्राबाई होत्या. व्हर्ननने इंजिनाकडची नळी सोडवली, ऑर्विलने जत्रेतून मागून आणलेल्या रिकाम्या पिंपात घातली आणि किल्ली फिरवली. तासाला दीडशे गॅलन! लाल धार पिंपात अशी कोसळली की बघ्यांनी मागे उडी घेतली. मेंढ्यांवाल्याने घड्याळ लावलं. पंधरा-वीस माणसं जमली, कोणी आकडे ओरडू लागलं. अकरा मिनिटं आणि काही सेकंदांत टाकी तळाला आली. आखूड नळीमुळे उरलेलं, गाडीचं एक चाक फळीवर चढवून काढलं. “काय यंत्र आहे!” मेंढ्यांवाला म्हणाला. “पंचाण्णवच्याला जमलं नसतं,” व्हर्नन म्हणाला. गेल तिथे नव्हती म्हणून बरं.

तेवढ्यात डुएन आला. रिकामी टाकी पाहिली, आणि त्याचा चेहरा उजळला.

“आता कसं? चला, घोड्या मी नेतो. माझी गाडी तयार आहे, सगळ्या जागा गरम आहेत.”

आर्लिस टिल्डाची मान पुसत होती. तिने मान न वळवता सांगितलं, “माझ्या घोड्या म्हाताऱ्याने आणल्या, म्हाताराच नेईल. पण तुझी गाडी तयार आहे ते बरं झालं. हे सात डबे घे आणि हमरस्त्याच्या पंपावरून डिझेल भरून आण. गरम जागेवर ठेवू नकोस, मागे ठेव.”

डुएनने व्हर्ननकडे पाहिलं. व्हर्नन वाटी फडक्याने पुसत होता. डुएनने डबे उचलले. दोन हातांत मावेनात म्हणून दोन फेऱ्या केल्या. गाडी फाटकाबाहेर वळली तसा व्हर्नन मागून धावत गेला आणि हात उंचावून ओरडला,

“डुएन! पावती आण! रंगाचा उल्लेख असलेली!”